चार तास एक्कावन्न

सत्त्याण्णवच्या गणपतीनंतर हातिमभाईंनी
मटण स्ट्रीटवरच्या दुकानात तो फोटो हातात ठेवला.
"तुम्ही नकाशेवाल्या. सांगा, हा माणूस कुठे आहे?"

एअरशिप.
वायूने फुगवलेलं ते लांबोडकं धूड फोटोत नाहीच.
फोटोत त्याच्या पोटाखालची खोली,
तिरकी खिडकी, टेबल, पसरलेला नकाशा
आणि त्यावर ओणवा एक नॅव्हिगेटर,
कर्कटक असं धरलेलं
जणू कागदाच्या पायात काटा रुतलाय.
मागे पेन्सिलीने: स्थळ अज्ञात.

बॅलार्ड इस्टेटमध्ये माझं काम नकाशे दुरुस्त करण्याचं:
नवं दीपगृह, सरकलेला बोया, बुडालेल्या जहाजाचं टिंब
जांभळ्या शाईने जागच्या जागी बसवायचं.
अज्ञात हा शब्द आमच्या टेबलावर चालत नाही.

भिंग लावलं.
पेटीतलं क्रोनोमीटर: दहाला दहा कमी.
त्याच्या मनगटावर: पाचला एक कमी.
आकडे चकाकीत पुसलेले, काटे तेवढे उरलेले.
एक वेळ ग्रिनिचची, दुसरी तो आहे तिथली,
असं मी धरून चालले.
फरक सात तास नऊ मिनिटं.
चार मिनिटांना एक अंश.
एकशे सात पूर्व, वर पाव.
अक्षांश हाती नव्हता,
पण त्या रेखांशावर जावा आहे
आणि जावा हे नाव मला आवडतं.
मागे लिहिलं: जावा.
आठवडाभर त्याला तिथल्या उकाड्यात ठेवला,
जाड लोकरी कोटासकट.

मग एका सकाळी ब्लाउजचे हुक लावताना
तो कोट आठवला.
उजवी बाजू वर, डावी खाली,
माझ्यासारखीच.
बायकांचा कोट घातलेला नॅव्हिगेटर,
की उलट ठेवलेली निगेटिव्ह?

फोटो आरशासमोर धरला.
क्रोनोमीटर: दोन वाजून दहा.
मनगट: सात वाजून एक.
चार तास एक्कावन्न.

म्हातारपाखाडीत बॉस्को काकांकडे गेले.
ऐंशीच्या पुढचे, गोदीतल्या घड्याळांना
जन्मभर किल्ली देणारे.
"बॉम्बे टाइम," ते म्हणाले, भिंगाशिवाय.
"स्टेशनात एक वेळ, मुनशिपाल्टीत दुसरी.
मधली एकोणचाळीस मिनिटं कोणाची,
ते कोणी सांगत नव्हतं."
म्हणजे हा इथे आला होता?
"आला असता तर मी कौलांवर चढून पाहिला असता."

ऊन बघितलं.
एवढ्या मोठ्या पोटाखाली डोक्यावरचं ऊन शिरत नाही.
हे आडवं आलंय, टेबलापर्यंत.
दोन दहा पहाटेचे असतील
तर तो इथेच कुठेतरी, समुद्रावर, सूर्य नुकता वर आलेला.
दुपारचे असतील
तर तो फार पश्चिमेला, ऊन कलतंय,
आणि इथे दिवेलागण होऊन गेलेली.
क्रोनोमीटरला रात्र-दिवस कळत नाही.
माझा कल काकांच्या कौलांकडे.

नॅव्हिगेटरने असं करू नये.
परक्या गावाची वेळ अंगावर बाळगली की बेरजा चुकतात.
मला माहीत आहे.
मुलगा गेल्यावर माझ्या ओट्यावरचं घड्याळ
दोन वर्षं हॅलिफॅक्सचं होतं.
दूध दोनदा उतू गेलं, एकदा गॅस राहिला.

इथे कोण होतं त्याचं?
गिरगावात, भायखळ्यात, की फोर्टातल्या एखाद्या माडीवर?
की नुसतंच, कधीतरी इथल्या धक्क्यावर लावलेलं घड्याळ
बदलायचं राहून गेलेलं?
तेही असू शकतं. तेच असेल.

हातिमभाईंना परत देताना मागे लिहिलं:
उलट छापला आहे. ग्रिनिच दोन दहा.
स्थळ अज्ञात, त्याला हात लावला नाही.
जावा खोडरबरने पुसलं.
उजेडाकडे तिरकं धरलं
तर पेन्सिलीचा दाब अजून दिसतो.